आखरावरचं सारवण

शेणाचा वास जीप गावात शिरायच्या आधीच आला. कवडीटोल्यात शेणाचा वास येणं ही काही बातमी नव्हे, माणसांपेक्षा गुरं जास्त असलेलं गाव ते. पण त्या सकाळचा वास ताजा होता, ओला होता आणि जरा अतीच होता. शब्बीरभाईंनी आखराच्या कडेला जीप लावली. मी उतरले आणि दार धरून तशीच उभी राहिले.

आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. सकाळी गावची सगळी गुरं तिथे जमतात आणि गुराखी त्यांना पुढे रानात नेतो. पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी तुडवलेली ती जमीन सपाट, पांढरट आणि टणक होती, गवताची काडीसुद्धा नाही. आठवडाभर मी त्या मैदानावर जीव टाकला होता. सरपंचांच्या हातापाया पडून त्या दिवसापुरती गुरं दुसरीकडे जमवायचं कबूल करून घेतलं होतं. आणि आता त्याच्या जवळजवळ अर्ध्या भागावर हिरवंगार शेण पसरलेलं होतं. बायकांची रांगच्या रांग लागली होती. एकीने घमेल्यातून शेणकाला ओतायचा, दुसरीने खराट्याने ओढून सारखा करायचा, तिसरीने तोवर पुढचं घमेलं आणायचं. आधी सारवलेला भाग वाळायला लागला होता. तिथे कुणा मुलीने पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रांगोळीने ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं, तेही वरून वाचता यावं म्हणून आभाळाकडे तोंड करून.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

रांगेच्या टोकाला पदर खोचून अनुसयाबाई कापगते उभ्या होत्या. गावच्या सरपंच. उंच, काटक बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न हलवणारी.

"या जी हेडाऊबाई," त्या म्हणाल्या. "एवढा पाहुना आभायातून येते, तर आंगन कोरडं कसं ठेवाव? पहाटपासून लागलो आमी."

"बाई, मी म्हटलं होतं, जागा साफ ठेवा."

"मंग साफच करून रायलो न. याच्याहून साफ आमच्याकडे काही नसते."

तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि जमिनीवरचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलेलं होतं.

त्या दुपारी आमचं विमान येणार होतं. त्याच्या पोटात एक कॅमेरा होता. आपल्या डोळ्याला जिथे नुसता पांढरा दिसतो, तिथे त्या कॅमेऱ्याला शेकडो छटा दिसतात. प्रत्येक खनिज उन्हातला थोडा उजेड गिळतं आणि बाकीचा परत करतं. कुठला गिळला हे पाहून ते खनिज कोणतं, हे वरच्यावर ओळखायचं, खोदाखोद न करता. आम्ही पायरोफिलाइट शोधत होतो. मऊ, पांढरट दगड असतो तो, भट्टीच्या विटांना आणि फरशांना लागतो. अडचण एवढीच, की विमान आणि जमीन यांच्यामध्ये हवा असते, धूळ असते आणि मार्च महिन्यात आमच्या भंडाऱ्याकडे धूरही असतो. मोहफुलं वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. हे सगळं चित्रात उतरतं. ते वजा करायचं तर खाली एखादी जागा अशी लागते, जिची खरी ओळख आपल्याला आधीच आहे. वरून विमान बघत असताना आपण खालून तीच जागा मोजायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. दुकानदार माल तोलण्याआधी रिकामा तराजू बघून घेतो, तसंच हे. माझा तराजू म्हणजे ते आखर होतं.

गावाला मात्र दुसरीच काळजी होती. पलीकडच्या तालुक्यातलं एक गाव खाणीसाठी उठलं होतं. तिथल्या लेकी कवडीटोल्यात दिलेल्या, त्यामुळे त्या उठण्याची हकीकत घरोघरी माहीत होती. पहिल्याच दिवशी अनुसयाबाईंनी मला ओसरीवर बसवून स्पष्ट विचारलं होतं, "आमच्या गावाखाली काही निघालं, तर आमी कुठं जावाचं? तलाव आमच्या पणज्यानं बांधला. तो का उचलून नेता येते?"

मी म्हटलं होतं, आधी काही आहे की नाही ते तर कळू दे. हे उत्तर काही धीर देणारं नव्हतं, ते माझं मलाही समजत होतं. मग त्यांनी विषय बदलून विमानाबद्दल विचारलं आणि मी खूश होऊन भडाभडा सांगितलं. कुणी आपल्या कामाबद्दल विचारलं की मला राहवतच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी एक कप चहा पुढे केला.

त्या सकाळी आमच्या भूविज्ञान खात्यातले माझे वरिष्ठ हरदास सर जीपच्या मागच्या सीटवरून सावकाश उतरले. या पट्ट्यावरून विमान उडावं म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं परवानग्या मागण्यात घालवली होती. ते महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि विमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या राज्यात जाणार होतं. आजचं हुकलं तर कायमचंच हुकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मैदानाकडे बघितलं.

"प्रणाली, हे धुऊन निघेल?"

"नाही सर. पाणी मारलं तर चिखल होईल. खरवडलं तर वरची मातीच जाईल."

"मग राहू दे."

"सर, जागा गेली आपली."

"गेली कुठे? इथेच तर आहे." ते वाकले आणि वाळलेल्या कडेला त्यांनी बोट लावून बघितलं. "आपल्याला पांढरी जमीन पाहिजे होती का? आपल्याला ओळखीची जमीन पाहिजे होती. आता शेणाची ओळख करून घे."

"शेणाची?"

"अगं, आपल्याला एक गडद जागाही हवीच होती. तलाव धरणार होतो, पण तो अर्धा शेवाळाने भरलेला. मला रात्रभर त्याचीच धास्ती. इथे गडद आणि फिक्कं शेजारी शेजारी मिळतंय. मागून मिळालं नसतं." मग ते हसायला लागले. त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. माझ्याही जिवात जीव आला.

अटी मात्र होत्या. सारवलेला भाग सगळीकडे सारखा हवा, दुपारच्या आत खडखडीत वाळायला हवा, कड सरळ हवी आणि त्यावर रांगोळीचा कणही नको. उरलेला अर्धा भाग होता तसा उघडा राहायला हवा. मी हे अनुसयाबाईंना सांगितलं. रांगोळी पुसायला त्या लगेच तयार झाल्या. ‘सुस्वागतम्’ लिहिणारी मुलगी तेवढी हिरमुसली. पण अर्ध्याची गोष्ट काढली, तशी बाईंनी मान हलवली.

"अर्धं सारवाव अन् अर्धं सोडाव? असं कधी असते का जी? अर्ध्या डोक्याची हजामत केल्यावानी दिसन."

"दिसू दे, बाई. बघायला विमानच तर येणार आहे."

"नाही बाप्पा. एक तर पुरं सारवाव, नाही तर हातच लावू नाही. अशुभ होते." आणि त्यांनी बायकांना खूण केली. घमेली उचलली गेली आणि रांग उघड्या भागाकडे निघाली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी दोन्ही हात पसरून त्यांच्या आडवी उभी राहिले, बुजलेल्या गुरांना अडवावं तशी. बायका हसायला लागल्या. अनुसयाबाई हसल्या नाहीत.

"बाई," हरदास सर पुढे आले, "तो धूर बघा. विमानाला आज त्यातून बघायचं आहे. तुमच्याकडची माती पांढरी आणि आम्ही शोधतो तो दगडही पांढरा. खाली ओळखीची जागा नसली, तर ते मातीलाच दगड समजून बसेल."

"म्हंजे जे नाही ते बी दिसन?"

"दिसेल. मग ते तपासायला मशिनी येतील, भोकं पाडतील."

"अन् वळख पटली तर?"

"तर जे आहे तेच दिसेल. नसलं तर नाही म्हणून दिसेल."

अनुसयाबाई उघड्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. घमेली डोक्यावर घेऊन बायका ताटकळल्या होत्या. ऊन चढत होतं. आणि अशा वेळी बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"तुमी सांगा. तुमी इथं आठवडाभर उन्हात बसल्या. या जागेखाली काही हाये का?"

मला खरं तर वैताग आला. इतक्यांदा सांगून झालं होतं की ही जागा नुसती सपाट आहे म्हणून निवडली. पण त्यांची नजर हलत नव्हती आणि त्या नजरेसमोर गोड बोलून वेळ मारून नेणं मला जमेना.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

सरांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. बाई रांगेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ठेवा गं घमेले खाली."

त्यानंतरची लगबग सांगायला नको. कड सरळ करायला कुणीतरी बांधकामाची दोरी आणली. जिथे थर पातळ होता तिथे बायकांनी पुन्हा हात फिरवला. खराटे असे एका लयीत चालले होते की मला मध्ये बोलायचं कारणच उरलं नाही. रांगोळी पुसणारी मुलगी अक्षर पुसताना प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती. मी तिला परत येताना रंग आणायचं कबूल केलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

दुपारपर्यंत सगळं वाळलं. मी काळा शर्ट घातला आणि मोजणीचं यंत्र पाठीवर चढवलं. गावातले त्याला फवारणीचा पंप म्हणत, आणि दिसायचंही ते तसंच. बायकांना मैदानापासून लांब उभं करावं लागलं.

"काहाले जी?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"तुमच्या लुगड्याचा लाल उजेड जमिनीवर पडतो. यंत्राला तोही कळतो."

"लुगड्याचा बी उजेड पडते?" त्यांना ते फार आवडलं. त्यांनी पुन्हा एकदा आपल्या पदराकडे पाहिलं आणि झाडाखाली जाऊन बसल्या.

विमान आलं ते तलावाच्या बाजूने. मी शेणावर चालत होते, मोजत होते, मग उघड्या जमिनीवर, परत शेणावर. वर बघायची सोय नव्हती. आवाज वाढला, डोक्यावरून गेला आणि विरूनही गेला. मान वर केली तेव्हा आभाळात नुसता धुरकट पांढरेपणा होता.

"एवढंच?" झाडाखालून कुणीतरी विचारलं.

"एवढंच," हरदास सर म्हणाले आणि रुमालाने मानेवरचा घाम पुसला. त्यांचे डोळेही ओले होते. पण घामाच्या नावाखाली तेही पुसून झालं. त्या दुपारी अनुसयाबाईंकडे आम्ही भात आणि लाखोरीची डाळ असे काही जेवलो, की जीपमध्ये बसताना मला आधार घ्यावा लागला.

चित्रं हाती आली तोवर पावसाळा सरत आला होता. सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या टेबलावर आता माझे कागद होते. सुरुवातीला सगळ्याच पट्ट्यांना लावतात तो ठरलेला हिशेब मी कवडीटोल्यालाही लावून बघितला. पडद्यावर गाव उमटलं. आखर, त्यामागची शेतं, शाळेमागचा उतार, सगळं लालबुंद. लाल म्हणजे पायरोफिलाइट. आमच्या क्षेत्रात लाल दिसलं की लोक पेढे मागवतात. मला मात्र ओसरीवरचा तो तलावाचा प्रश्न आठवत राहिला.

मग मी त्या दिवशीची मोजणी काढली. सारवलेली जमीन आणि उघडी जमीन, दोन्ही हिशेबात घातली आणि चित्र पुन्हा बसवलं. संगणक त्या काळी निवांत असायचा. मी चहा पिऊन आले तरी त्याचं चालूच होतं. पण लाल रंग ओसरत गेला. आधी शाळेमागचा गेला, मग शेतांतला, शेवटी आखरावरचा. त्या जागी फिकट निळा आला. निळा म्हणजे साधी पांढरी माती, घरांच्या भिंतींना लावतात तीच. लाल उरला तो गावापासून दूर, एका उघड्या टेकाडावर, जिथे ना घर ना शेत. सगळं दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. नंतर माणूस पाठवून तिथले नमुनेही आणवले. टेकाडावर दगड होता आणि गावात माती.

मी सरांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे पुन्हा एकदा वाचून घ्यायला लावले. मग म्हणाले, "अहवालात शेणाचं नाव घाल." मी ‘सेंद्रिय लेप दिलेला गडद पट्टा’ असं लिहिलं. शेण लिहायची हिंमत झाली नाही, ती अजूनही होत नाही.

काही सापडलं की गावाला कळतंच. पाट्या लागतात, मोजणीवाले येतात. काहीच सापडलं नाही हे सांगायला मात्र कुणी जात नाही, आणि लोक वर्षानुवर्षं येणाऱ्या प्रत्येक जीपकडे धडधडत्या छातीने बघत राहतात. तेव्हा रविवारी रंगांच्या पुड्या घेऊन मी शब्बीरभाईंबरोबर निघाले. पुढे कितीतरी गावांत मी अशी गेले, पण ती पहिली खेप.

धानाची कापणी चालली होती. अनुसयाबाई खळ्यावर भारे मोजून घेत होत्या. मी गेल्या गेल्या सांगून टाकलं.

"तुमच्या गावाखाली काही नाही, बाई. साधी माती आहे. कागदावर तसंच गेलंय."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्या मागच्या मागे धानाच्या भाऱ्यावर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. एवढी ताठ बाई रडते म्हटल्यावर मला काय करावं कळेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि जरा वेळाने म्हणाल्या,

"एक सांगू जी? राग मानू नका. ते स्वागत-बिगत काही नव्हतं."

"म्हणजे?"

"तुमी रोज त्या आखरावर जा, त्या पंपानं मोजा, उन्हात वाकवाकून पाहा. आमी म्हनलं, असन तर तेथंच हाये. नाही तर शहरातली पोरगी ढोरांच्या जागेवर कायले बसन? अन् तुमीच तर सांगतलं होतं, त्याले जमिनीची नुसती कातडी दिसते, वरून काही झाकलं का ते आंधयं. मंग कातडीच झाकून टाकू म्हनलं. साऱ्या गावचं शेन जमा केलं." त्या डोळे पुसत हसल्या. "रांगोळी तुमाले संशय येऊ नये म्हनून."

जी जागा मी खूण म्हणून निवडली, तीच त्यांनी खजिना समजून झाकायला काढली होती. आणि आम्ही दोघी त्या सकाळी एकाच मैदानावर, एकमेकींच्या अगदी उलट दिशेने ओढत होतो. मला हसू आवरेना. मग एकदम लक्षात आलं आणि हसू थांबलं.

"मग अर्धं उघडं का ठेवू दिलंत? काही असतं खाली तर?"

"तर दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "मले ठाव होतं ते."

"मग?"

"तुमाले मी विचारलं, खाली काही हाये का. तुमी म्हनल्या, माहीत नाही." त्यांनी माझा हात सोडला नव्हता. "बाई, आतापावतर इथं जो आला, तो सारं माहीत असल्यावानी बोलला. काही होत नाही म्हने, घाबरू नका म्हने. त्या गावाले बी असंच म्हनलं होतं. तुमी पयल्या, ज्या म्हनल्या माहीत नाही. म्हनलं, ही खोटं बोलन असं वाटत नाही. हिच्या भरवशावर ठेवू अर्धं आखर उघडं."

त्या दिवशी मी वैतागून बोलले होते, आणि त्या दोन शब्दांवर त्यांनी तलाव, शेतं, घरं सगळं तोललं होतं. आम्ही दोघी तशाच भाऱ्यावर बसून राहिलो. पलीकडे खळ्यावर बातमी पोचली होती. बायका कामं टाकून इकडे यायला लागल्या. कुणीतरी गूळ आणला आणि त्या दिवशीच्या रांगोळीवाल्या मुलीने माझ्या हातातल्या पुड्या मागायचीही वाट न बघता घेतल्या.

निघताना अनुसयाबाई जीपपर्यंत आल्या. शब्बीरभाईंच्या पायाशी त्यांनी नव्या तांदळाची पिशवी ठेवली होतीच. मी आत बसले, तरी त्या दार धरून उभ्या. इकडे-तिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"हेडाऊबाई, आता आपसात सांगा. अगदीच काही नाही का जी? थोडंसं बी नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावर आता चक्क थोडा रुसवा होता.

"धान चांगलं पिकतं, बाई," मी म्हटलं.

"ते तर आमाले विमानाबिगर बी ठाव होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.